मॅचिंग

माझ्या काउंटरमागे पिवळे एकोणीस आहेत.
लिंबू, हळदी, सोनसळी, मोहरीच्या फुलाचा,
कच्चा आंबा, पिकला आंबा,
आणि एक, ज्याला आम्ही नुसतं बारा नंबर म्हणतो.
त्याला कुणी नाव दिलं नाही,
तो कुणी नेतही नाही.

रविवार पेठेत सव्वीस वर्षं हेच काम.
साडीचा पदर बोटांत धरायचा, अस्तर काढायचं,
बाईला सांगायचं,
ट्यूबखाली बघू नका, ट्यूब खोटं बोलते.
दारात चला. उजेडात.

अंबादासला टीबी निघाला तेव्हा
दवाखान्यातल्या सिस्टरनं आधीच बजावलं होतं,
लघवी नारिंगी होईल,
घाबरायचं नाही, गोळ्यांचा रंग आहे तो.
झाली नारिंगी. आम्ही हसलो.
पुढं नारिंगीची विटकरी झाली,
विटकरीचा कोरा चहा.
परवानगी एका रंगाची होती,
आम्ही तिच्यात तीन बसवले.

जेवणावरची वासना उडाली. म्हटलं, उन्हाळा.
रात्रभर तळपाय खाजवायचा. म्हटलं, ढेकूण.
शेजारच्या कावेरीबाईंनी गुळवेलीची पूड दिली होती,
ताकद यावी म्हणून.
मी चमचा गच्च भरून देत होते.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, माझा डबा घरी राहिला.
तो घेऊन आला.
दम लागला म्हणून पायरी चढला नाही,
दारातच थांबला, उन्हात,
म्हणाला, "घे. आमटी सांडली असेल थोडी."

मी डोळ्यांकडे बघितलं.
बारा नंबर.

घरात एकच ट्यूब आमच्या.

म्हणतात, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं.
त्याला काहीच दिसत नव्हतं.
आमटी लालच होती त्याच्या लेखी, आणि मी सावळीच.

संध्याकाळी कावेरीबाई घोरपडीला घेऊन गेल्या,
उतरवणाऱ्याकडे.
त्यानं हात चोळले, पाणी पिवळं झालं,
सगळे म्हणाले, उतरली.
मी वाकून बघितलं. ते चार नंबर होतं.
आमची बारा.
तिथूनच रिक्षा केली, ससूनला.

डॉक्टर तडवी माझ्या भाचीएवढी.
चाळीसच्या आत हवं ते सहाशे बारा होतं.
"गोळ्यांशिवाय काय काय घेतात हे?"
मी पिशवी उलटी केली.
पूड. गुडघ्याच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या.
मग अंबादासनं फरशीकडे बघत सांगितली
शनिवारची क्वार्टर.
"अमक्यानंच केलं असं नाही सांगता येत," ती म्हणाली,
"आधी सगळं बंद."
"टीबीच्या?"
"त्याही. तोवर दुसऱ्या देते, यकृताला सोसतील अशा."

मला वाटलं होतं सलाईन, सुई, काहीतरी घालतील.
काढून घेणं हाही उपचार असतो
हे मी पन्नाशीत शिकले.

सहाशे बारा. तीनशे चाळीस.
मधे एकदा वाढलं, त्या रात्री दोघंही बोललो नाही.
एकशे अठरा. बावन्न. चाळिशीच्या आत.

मग जुन्या गोळ्या परत, पण एकेक.
एक दिली, थांबली, रक्त काढलं.
दुसरी दिली, थांबली, रक्त काढलं.
मी रीळ लावते तशी,
एक दोरा, मग उजेड.
तिसरी तिनं परत दिलीच नाही.

आता रोज सकाळी त्याला दारात उभं करते,
पापणी खाली ओढते.
"मी काय ब्लाऊजपीस आहे?" तो करवादतो.
पांढरं आहे. धुवट, म्हाताऱ्या माणसाचं, पण पांढरं.

पुडीचा डबा फळीवर तसाच आहे.
कावेरीबाई विचारतात, संपली का, अजून आणू?
मी म्हणते, आहे अजून.
चमचा मात्र मोरीत ठेवलाय,
धुण्याच्या सोड्यासाठी.